नवोदयचा फॉर्म भरण्याआधी: उर्दू शाळेतल्या, तांड्यावरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

माझी लेक जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून गढीच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेली. तिच्या आधी थोरल्या मुलाचा नंबर हुकला होता. तो अभ्यासात कमी पडला नव्हता, आमच्या एका चुकीच्या निर्णयानं हुकला. ते पुढे सांगतेच. तेव्हापासून गल्लीतल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या लेकरांचे फॉर्म भरायला मी बसते. दिवसभर शिलाई मशीन आणि जुलै-ऑगस्ट आला की संध्याकाळी फॉर्म.

एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हुशार लेकरं आमच्यात कमी नाहीत. पण शाळेत "नवोदयला कोण बसणार?" अशी विचारणा होते तेव्हा नेहमीची चार-पाच नावंच पुढे येतात, ज्यांचे आईवडील शाळेत येऊन-जाऊन असतात त्यांची. आमचं नाव निघत नाही, कारण अशी विचारणा होते हेच आम्हाला ठाऊक नसतं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. उदाहरणं बीड जिल्ह्यातली आहेत, नियम मात्र सगळीकडे तेच.

नवोदय म्हणजे काय, हे ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या, गावाकडच्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळा. अगदी पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्याच राज्यात, अमरावतीला निघाली. मराठवाड्यात बीडची गढीला, नांदेडची शंकरनगरला, धाराशिवची तुळजापूरला, छत्रपती संभाजीनगरची कन्नडला आहे. सहावीला प्रवेश, एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातली मुलं यांना तोही माफ आहे.

१. चौथीतच शाळेत जाऊन नाव सांगा

पाचवी सुरू झाल्यावर धावपळ करू नका. चौथीच्या दुसऱ्या सत्रात मुख्याध्यापकांना भेटा आणि सांगा, "माझ्या लेकराला नवोदयला बसवायचं आहे." अडाणी आहोत, उर्दूवाले आहोत, तांड्यावरचे आहोत, म्हणून कुणी परवानगी द्यायची वाट बघू नका. अमुकच मुलं बसवा असा कुठेही नियम नाही. पाचवीत शिकणारं आणि अटीत बसणारं कुठलंही लेकरू बसू शकतं, शाळेनं निवड करायची नसते. गुरुजींना राग येईल असं वाटतं, पण माझा अनुभव असा की विचारलं की बहुतेक गुरुजी खूश होतात. फॉर्मबरोबरच्या प्रमाणपत्रावर शाळेला शिक्का आणि सही द्यायचीच असते.

ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीला पुन्हा बसवून दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही.

२. गाव आणि जिल्हा: इथंच आमचा मुलगा अडकला

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, म्हणजे ८० पैकी ६०. ग्रामीण ठरायला लेकरानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. आईवडील कुठे राहतात ते इथं बघत नाहीत, शाळा कुठे आहे ते बघतात.

माझा मुलगा चौथीपर्यंत गावच्या शाळेत होता. चांगला अभ्यास व्हावा म्हणून पाचवीला आम्ही त्याला तालुक्याच्या शहरातल्या एका शाळेत घातलं. पैसे उसने घेतले, रिक्षा लावली. त्या एका वर्षानं तो शहरी गटात गेला. निकालाच्या यादीत ग्रामीण गटातून लागलेल्या मुलांमध्ये त्याच्याबरोबर गावात शिकलेला मुलगा होता, आणि सराव परीक्षेत आमचा त्याच्या बराच पुढे असायचा. फॉर्म भरताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या रात्री मुलगा काही बोलला नाही, फक्त सरावाच्या वह्या दोरीनं बांधून माळ्यावर ठेवल्या. म्हणून सांगते, नवोदयचा विचार असेल तर पाचवी पूर्ण होईपर्यंत लेकराला गावाच्या शाळेतून हलवू नका. तुमचं गाव अलीकडे नगरपंचायत झालं असेल तर आता ते ग्रामीण धरतात का, हे आधीच विचारून घ्या.

दुसरी अट जिल्ह्याची. ज्या जिल्ह्यातलं नवोदय, त्याच जिल्ह्यात राहणारं आणि तिथंच पाचवी शिकणारं लेकरू लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी इथं थांबून वाचा. टोळी दिवाळीच्या आसपास निघते आणि उन्हाळ्यात परत येते. परीक्षा त्याच्या ऐन मध्ये असते: २०२५ ला १८ जानेवारीला होती, त्याच्या पुढची १३ डिसेंबर २०२५ ला. लेकरू कारखान्यावर आणि परीक्षा गावाकडे अशी अवस्था होते. शाळेतून नाव काढून कारखान्याकडच्या शाळेत घातलं, तर जिल्हाच बदलतो. नाव काढू नका. स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह असतं, लेकरू आजीजवळ किंवा नातेवाइकाकडे राहून तिथं जेवतं, शाळेत जातं. त्या यादीत नाव घालायला दसऱ्याआधी मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. मुकादमाकडून उचल घेतानाच त्याला सांगून ठेवा, की या एका हंगामात लेकरू फडावर येणार नाही.

३. नाव आणि जन्मतारीख

आमच्या भागात निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा! पूर्वी शाळेत घालताना तारीख माहीत नसली की हीच लिहायचे, आणि अजूनही काही ठिकाणी लिहितात. मग शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर दुसरीच तारीख, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत तिसरी. वयाची अट दिवसाच्या हिशेबानं असते. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातला हवा होता. दरवर्षी ही मुदत एक वर्ष पुढे सरकते. एक महिना इकडे-तिकडे झाला तरी लेकरू बाद होऊ शकतं.

नावाचं तर विचारू नका. शाळेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. शेखचं इंग्रजी स्पेलिंग घरातल्या चार माणसांचं चार प्रकारचं. राठोड, चव्हाण, पवार यांचीही तीच गत, आईचं नाव तर कुठेच जुळत नाही. चौथीच्या उन्हाळ्यात तिन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर अक्षर ताडून बघा. जन्मदाखला पक्का करा आणि त्यावरून आधार दुरुस्त करून घ्या. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती लेकरू शाळेत असेपर्यंतच सोपी असते, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

४. जातीचा दाखला, आणि "अल्पसंख्याक" या शब्दाचा गैरसमज

मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती म्हणून नवोदयमध्ये वेगळ्या जागा नाहीत. अल्पसंख्याक असल्याचं प्रमाणपत्र इथं काही कामाचं नाही. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. आरक्षण आहे ते अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि दिव्यांग मुलांना. शिवाय एक तृतीयांश जागा मुलींच्या.

पण मुसलमानांतले पिंजारी, तांबोळी, बागवान, मोमीन असे अनेक समाज ओबीसीत आहेत, आणि निम्म्या घरांना हे माहीतच नाही. आम्ही पिंजारी. माझ्या सासऱ्यांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं. त्याच्यावर ओबीसीचा दाखला कसा निघणार? ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात. ते ओझं समजू नका. घरातल्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या जुन्या कागदात धंदा किंवा जात लिहिलेली सापडते. आम्हाला चुलत आजेसासऱ्यांच्या कागदावर "पिंजारी" हा शब्द सापडला. मशिदीतल्या मौलानांनी तो वाचून दाखवला तेव्हा सगळं घर त्या कागदाभोवती बसलं होतं. नंतर त्याचं भाषांतर करून घेतलं, वंशावळ जोडली, सेतू केंद्रातून अर्ज केला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा दाखला हातात यायला कित्येक महिने लागले. म्हणून हे काम चौथीतच सुरू करायचं.

आता दोन खाचखळगे. नवोदय केंद्राचं आहे, त्यामुळे तिथं ओबीसीची केंद्राची यादी चालते. बंजारा समाज राज्यात विमुक्त जाती अ गटात आहे, केंद्राच्या यादीत ओबीसीत. फॉर्मवर "विमुक्त जाती" हा पर्याय शोधत बसाल तर मिळणार नाही आणि घाईत "सर्वसाधारण" वर टिचकी पडेल. दुसरं, दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. सेतूवाल्याला तसं स्पष्ट सांगा. फॉर्म भरताना गट निवडायचा असतो, दाखला निवड झाल्यावर तपासतात. तोवर वेळ आहे असं समजून थांबू नका.

५. कागद एका पिशवीत

फॉर्मसाठी लागतं ते एवढंच:

- मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. त्याचा नमुना वेबसाइटवर असतो, छापून शाळेत न्यायचा
- लेकराचा फोटो
- लेकराची सही आणि आईची किंवा वडिलांची सही, कोऱ्या कागदावर
- आधार क्रमांक किंवा रहिवासी दाखला
- तुमचा स्वतःचा, चालू मोबाइल नंबर

सही येत नसलेल्या आयांना मी आठवडाभर आधी नाव गिरवायला लावते. तांड्यावरच्या एका आईनं मशीनच्या फळीवर खडूनं पाच दिवस नाव गिरवलं आणि सहाव्या दिवशी कागदावर सही केली.

६. फॉर्म भरताना

फॉर्म ऑनलाइन असतो आणि पूर्ण मोफत. नेट कॅफेवाला त्याच्या मेहनतीचे पैसे घेईल, तेवढेच द्या. "जागा करून देतो" म्हणणारा कुणीही खोटं बोलतो. तारीख दरवर्षी बदलते आणि मुदत पुष्कळदा वाढते, पण वाढेल या भरवशावर राहू नका.

तीन ठिकाणी स्वतः बोट ठेवून बघा: ग्रामीण की शहरी, गट कोणता, आणि परीक्षेचं माध्यम. माध्यमाचं उर्दूवाल्यांनी नीट लक्षात घ्या. पेपर उर्दूतही मिळतो. बाजारात पुस्तकं मराठीत मिळतात म्हणून कॅफेवाला मराठी निवडून टाकतो आणि परीक्षेच्या दिवशी लेकरापुढे परका पेपर येतो. लेकरू ज्या भाषेत शाळेत शिकतं तीच भाषा निवडा. चूक झालीच तर मुदत संपल्यावर थोडे दिवस दुरुस्तीची सोय उघडते, त्यात या तिन्ही गोष्टी बदलता येतात. भरलेल्या फॉर्मची छापील प्रत घरी ठेवा, नोंदणी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा घालू देऊ नका. टोळीला गेल्यावर सिम बदलणाऱ्यांनी गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा नंबर द्यावा.

७. अभ्यास: अर्धे गुण भाषेशिवायचे

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. यातले ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमतेचे, आणि ते सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, तिच्यासारखी शोधा, अपुरी पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोकं पाडलेला कागद, लपलेली आकृती, असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. घरी दखनी बोलणारं, गोरमाटी बोलणारं किंवा मराठी बोलणारं लेकरू, तिघंही इथं एकाच रेषेवर उभी असतात. म्हणून सुरुवात इथून करा.

क्लास लागतच नाही असं मी म्हणणार नाही, पण क्लासशिवाय होतं. माझ्या लेकीला घडीच्या कागदाचे प्रश्न काही केल्या सुटत नव्हते. एके दिवशी मी ब्लाऊजचा गळा कापत होते. कापड दुहेरी घडी घालून गळ्याचा अर्धाच आकार कापायचा असतो, उघडलं की पूर्ण गळा. कापल्यावर मी कापड तसंच धरलं आणि म्हटलं, "उघडायच्या आधी सांग, कसं दिसेल?" तिनं खडूनं फरशीवर काढून दाखवलं. उघडलं तर तसंच. मग चौपदरी घडी, कोपरा कापून. मग वर्तमानपत्राचा कागद आणि सुईनं भोकं. चार दिवसांत तो प्रकार तिला खेळासारखा झाला. आरशाच्या प्रश्नांना घरातला आरसा पुस्तकाच्या कडेला उभा करा.

अंकगणिताचे २० प्रश्न, २५ गुण: अपूर्णांक, लसावि-मसावि, टक्केवारी, नफा-तोटा, सरळ व्याज, क्षेत्रफळ. भाषेचे २० प्रश्न, २५ गुण: चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. उताऱ्यांसाठी रोज एक पान मोठ्यानं वाचून घ्या, आईला वाचता येत नसेल तरी समोर बसून ऐका आणि "मग काय झालं?" असं विचारा. तिन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे एकाच भागावर जोर देऊन चालत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे लेकराला शंभरदा सांगा. उत्तरं ओएमआर कागदावर बॉलपेननं गोल भरून द्यायची असतात आणि भरलेला गोल बदलता येत नाही. पाचवीच्या मुलांना पेन्सिलची सवय असते. दिवाळीनंतर घरातला सगळा सराव पेननंच करून घ्या.

उर्दूच्या मुलांसाठी आणखी एक. परीक्षा उर्दूत देता येते, पण आत गेल्यावर सुरुवातीचं शिक्षण मराठीतून आणि वरच्या वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीतून. चौथीपासून मराठी वाचायला लावा. माझी लेक पहिले तीन महिने वर्गात फार कमी बोलली, नंतर सरावली.

८. परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्र ऑनलाइन निघतं, दोन प्रती काढा. केंद्र आदल्या दिवशीच बघून या. पेपर साडेअकराला सुरू होतो, पण सकाळच्या एसटीवर विसंबू नका, एक गाडी आधीची धरा. दोन बॉलपेन, पाण्याची बाटली, पोटभर नाष्टा. दिव्यांग लेकरांना ४० मिनिटं जास्त मिळतात, त्यासाठी आधीच विचारा.

९. नंबर लागला नाही तर

यादी एकच नसते. लागलेली काही मुलं येत नाहीत आणि प्रतीक्षा यादीतली बोलावतात, म्हणून फोन चालू ठेवा. तेही झालं नाही तर आठवीत असताना नवोदयच्या नववीच्या रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते.

आणि आठवीतच एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. माझ्या थोरल्याला हीच मिळाली. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के) हवेत. पेपर उर्दूतही असतो. यातला सापळा परीक्षेनंतरचा आहे: निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नंबर लागून पैसे न मिळालेली मुलं मी पाहिली आहेत. खातं लेकराच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असावं.

१०. नंबर लागला तर

निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. कागद तपासतात, ग्रामीण शाळेच्या तिन्ही वर्षांचं प्रमाणपत्र बघतात, वैद्यकीय तपासणीचा दाखला मागतात. प्रवेश पक्का झाल्याशिवाय जुन्या शाळेतून टीसी काढू नका. काही अडलं तर लेकरू ना इकडचं ना तिकडचं होतं.

मुलीला पाठवायचं म्हटलं की घरात बोलणी होतात. आमच्याकडेही झाली. मुलींचं वसतिगृह वेगळं असतं, तिथं मॅडम असतात. जेवणाचं, नमाजाचं, रमजानचं आम्ही प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारलं. सासूबाईंना बरोबर नेलं होतं. मुलींच्या खोल्या आणि स्वयंपाकघर बघून त्या स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे पोरीला."

नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला पाठवतात. हे आधी माहीत नसलं की घरचे घाबरून लेकरू परत आणतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

जाताना पेटीवर, बादलीवर, चादरीच्या कोपऱ्यावर नाव घाला. रंगानं पेटीवर, आणि कपड्यांवर दोऱ्यानं, कारण पेननं लिहिलेलं तीन धुण्यांत जातं. दोऱ्यानं घालायचं असेल आणि येत नसेल, तर माझ्याकडे आणून द्या.